बाळगोंडाचा गुळाचा खडा

एका गावात एक गुऱ्हाळ होतं आणि त्या गुऱ्हाळावर सातप्पा नावाचा गुळव्या होता. उकळत्या रसाचा गूळ करायचा, ही त्याची कला. चाळीस वर्षं तो काहिलीपाशी, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपाशी, उभा राहत आला होता. रस कधी तयार झाला हे त्याला नुसत्या वासावरून कळायचं. तरीही दर वेळी तो थेंबभर पाक गार पाण्यात टाकायचा आणि त्याची गोळी वळून बघायचा. नाकावर विश्वास असला तरी बोटांना विचारलेलं बरं, असं त्याचं म्हणणं. मला तर हा माणूस इथूनच आवडायला लागतो.

पण गेली तीन वर्षं गावचा गूळ बिघडत होता. सगळा नाही, काही घरांचा. ढेप सुरुवातीला चांगली दिसायची, मग आठ-दहा दिवसांत पाझरायला लागायची आणि महिन्याभरात बसकण मारायची. गावाला कारण शोधायला वेळ लागला नाही. गावाला तो कधीच लागत नाही. "सातप्पाच्या हाताचं यश गेलं," असं कुणीतरी म्हणालं, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांना आधीपासूनच ठाऊक होतं! पाटलांनी ठरवून टाकलं की एवढा हंगाम झाला की सातप्पाला रजा द्यायची. त्यांनी परगावचा एक गुळव्या बोलावूनही ठेवला. सातप्पाला दुसरं कुठलंच काम येत नव्हतं.

त्याच गावात गोजराबाई चौगुले राहायच्या. मोठ्या घरच्या, करारी, आणि चार बुकं शिकलेल्या. त्यांच्या घराला कोयत्याचा मान होता. म्हणजे हंगामाचा मुहूर्त निघाला की पहिला ऊस चौगुल्यांच्या कोयत्याने तुटायचा. तो एकदा तुटला की सगळं गाव तोडणीला लागायचं आणि दोन-तीन दिवसांत शिवार मोकळं करायचं. मानाचा कोयता पडल्यावर ऊस उभा ठेवणं हा मानाचा अपमान समजायचे. पुढच्या लावणीपुरतं बेणं तेवढं राखायचे. तोडलेला ऊस मग गुऱ्हाळापुढे ढीग लावून ठेवायचा आणि एकेका दिवशी एकेका घराची पाळी यायची. आधी वरच्या आळीतली मानाची घरं, मग खालच्या आळीतली.

गोजराबाई पाटलांना म्हणाल्या, "माणूस काढायचा तर काढा. पण आधी बघून घेऊ. मला हंगामभर मुदत द्या."

पाटलांनी मान डोलावली. गोजराबाईंना नाही म्हणायची त्या गावात कुणाची छाती नव्हती.

गोजराबाई थेट गुऱ्हाळावर गेल्या. आडून बोलणं त्यांना जमायचं नाही. "सातप्पामामा," त्या म्हणाल्या, "मला वाटतंय चूक तुमचीच हाय. नजर मंदावली तुमची. काहील लवकर उतरवता."

सातप्पा रागावला नाही. "वाटू दे की, आक्का," तो म्हणाला. "पण बघून सांगा."

घरी येऊन गोजराबाईंनी वही काढली. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं, 'चूक कुणाची?' मग ते खोडलं. चूक कुणाची असं विचारलं की माणूसच सापडणार, कारण नाही. खाली त्यांनी लिहिलं, 'कोणता गूळ पाघळतो आणि कोणता पाघळत नाही?' हे त्यांना बघता येण्याजोगं वाटलं. त्याखाली आपला अंदाज लिहिला, 'सातप्पामामांची नजर.' उद्या अंदाज चुकला तर आपण हे म्हणालोच नव्हतो, असं आपल्यालाच वाटू नये म्हणून तारीख घालून लिहिला.

मग त्या गावातल्या म्हाताऱ्यांकडे गेल्या. आपल्याला पडलेला प्रश्न आधी कुणालातरी पडलाच असेल, असा त्यांचा हिशेब. एक म्हातारे म्हणाले, "आमच्या लहानपणी गूळ कधी पाघळला न्हाई. तवा ऊस होताच किती? पाच घरांचा. तीन वर्सांमागं पाटाचं पाणी आलं आणि चोवीस घरं झाली." याचा गुळाशी काय संबंध ते गोजराबाईंना कळलं नाही. पण त्यांनी तेही लिहून घेतलं.

हंगाम सुरू झाला. पहिला कोयता त्यांनीच चालवला. मग रोज गूळ निघाला की ज्या घराचा गूळ त्या घरून एक खडा मागवायचा, असा त्यांनी नेम केला. घरापुढच्या सोप्यात एक लांब फळी मांडली आणि एकेका पानावर एकेक खडा ठेवला. वहीत घराचं नाव, कुठल्या रानातला ऊस, पाणी कुठल्या विहिरीचं, त्या दिवशी जळण कुठलं. प्रत्येक खडा त्याच्या दहाव्या दिवशीच दाबून बघायचा. एकाचा आज आणि दुसऱ्याचा महिन्याने, असं चालायचं नाही.

बायकांनी खडे दिले, हे वाटतं तेवढं सोपं नव्हतं. ज्या घराचा गूळ दर वर्षी बिघडायचा, त्या घरची सून तो खडा पदराखाली झाकून आणायची. आपल्या घरची लाज दुसऱ्याच्या फळीवर मांडायला धीर लागतो. त्या बायांचे गोजराबाईंवर फार उपकार आहेत.

खालच्या आळीची पाळी सुरू झाली तेव्हा गोजराबाईंनी आपला अंदाज तपासायला घेतला. एकाच घराचा ऊस, एकच रस. तो दोन काहिलींत निम्मा निम्मा ओतला. एकीवर सातप्पा, दुसरीवर पाटलांनी आणलेला परगावचा गुळव्या. बाकी सगळं सारखं. दहाव्या दिवशी दोन्ही खडे सारखेच पाघळले. परगावचा गुळव्या प्रामाणिक होता. त्याने आपला खडा दाबून बघितला आणि म्हणाला, "ह्या रसाचा गूळ माझ्या बापालाबी वळला नसता."

गोजराबाईंनी वहीत लिहिलं, 'माझा अंदाज चुकला.' पण गाव एवढ्यावर ऐकतंय थोडंच? लोक म्हणाले, दोन्ही काहिली सातप्पाच्याच, त्याचंच अपयश दुसरीलाही लागलं. सातप्पाची रजा काही टळली नाही.

मग गोजराबाई फळीपुढे बसल्या. शेवटच्या पाळीला दोन दिवस उरले होते. दहा दिवस भरलेल्या खड्यांत वरच्या आळीचे घट्ट होते आणि खालच्या आळीचे मऊ. वरच्या आळीचं रान काळं, कसदार. खालच्या आळीचं ओढ्याकाठचं, खारवट. उत्तर समोर दिसत होतं. जमीन खारी, म्हणून गूळ मऊ! फक्त एक खडा आडवा येत होता. बाळगोंडाचा.

बाळगोंडा खालच्या आळीतला. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी "कशावरून?" असं विचारणारा. त्याचं रान सगळ्यांत खारट, आणि त्याचा खडा दगडासारखा घट्ट. आता चोवीस घरांत एखादं घर असं निघायचंच, असं गोजराबाईंनी स्वतःला समजावलं. त्यांनी तो खडा उचलला आणि फळीखालच्या डब्यात ठेवून दिला. फळी आता कशी नीट दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी बाळगोंडा सोप्यात येऊन उभा राहिला. त्याने फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली.

"आक्का, माझा खडा कुठाय?"

"ठेवलाय बाजूला."

"का? पाघळला काय?"

गोजराबाई फळीवरची पानं सारखी करायला लागल्या.

"का तुमच्या मनासारखा न्हाई म्हणून?" बाळगोंडा म्हणाला. "गावानं सातप्पाला असंच बाजूला काढलंय. तुमी माझा खडा काढला. फरक काय झाला, सांगा की."

गोजराबाईंची कानशिलं तापली. मोठ्या घरच्या बाईला असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. पण त्या न्यायी होत्या. त्यांनी डबा काढला आणि खडा परत फळीवर ठेवला. मग विचारलं, "बाळगोंडा, तुझ्या गुळात वेगळं काय झालं? आठवून सांग."

"वेगळं काय? वरच्या आळीतल्या एका घरी बारसं होतं म्हणून त्यांनी आपली पाळी मला दिली आणि आपला ऊस बारसं उरकून चौथ्या दिवशी लावला. दुसऱ्याच दिवशी माझा ऊस चरकाला लागला. एरवी मी शेवटाला."

गोजराबाईंनी आळीप्रमाणे मांडलेले, दहा दिवस भरलेले सगळे खडे उचलले आणि पाळीच्या दिवसाप्रमाणे पुन्हा मांडले. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. पहिले सात घट्ट. आठवा जरासा चिकट. पुढचे सगळे मऊ, आणि जितका उशीर तितके जास्त मऊ. बाळगोंडाचा खडा दुसऱ्या जागी अगदी चपखल बसला. म्हाताऱ्याचं बोलणंही आता त्यांना उमगलं. पाच घरांचा ऊस पाच दिवसांत गाळून व्हायचा. चोवीस घरांचा ऊस तुटून चोवीस दिवस पडून राहत होता. शिळ्या उसाचा गूळ धरत नव्हता.

आणि ऊस एकदमच का तोडायचा? तर चौगुल्यांच्या कोयत्याचा मान म्हणून.

गोजराबाईंनी खुंटीवरच्या कोयत्याकडे बघितलं. सासऱ्यांच्या आजोबांपासून चालत आलेला मान. खाऱ्या जमिनीचं कारण सांगितलं असतं तर कुणी शंका घेतली नसती. फक्त सातप्पा गेला असता आणि खालच्या आळीचा गूळ वर्षानुवर्षं पाघळत राहिला असता. वाईट वाटलं त्यांना, फार वाईट वाटलं. पण त्याहून वाईट त्यांना त्या डब्याचं वाटत होतं.

तरीही एका खड्यावर गावाचा रिवाज मोडायला सांगणं त्यांना पटेना. एकदा चुकलेलं माणूस पुन्हा चुकू शकतं. ओढ्याकाठी त्यांचाही एक खारवट तुकडा होता आणि त्यात पुढच्या लावणीचं बेणं उभं होतं. शेवटच्या पाळीच्या दिवशी सकाळी त्यांनी ते बेणं तोडलं आणि तासाभरात चरकाला लावलं. शेजारच्या काहिलीत त्याच ओढ्याकाठचा, चोवीस दिवस पडून राहिलेला ऊस. दोन्हीकडे गुळव्या सातप्पाच. पुढच्या वर्षी लावणीला काय, असं घरच्यांनी विचारलं. त्या म्हणाल्या, "मागून आणू कुणाकडनं तरी."

दहाव्या दिवशी सगळं गाव गुऱ्हाळापुढे जमलं. गोजराबाईंनी दोन्ही गुळांचे खडे फडक्यांखाली झाकून ठेवले होते. कुठला कुठला हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. दाबून बघायला त्यांनी बाळगोंडालाच पुढे बोलावलं, कारण त्याच्याइतका संशयी माणूस गावात दुसरा नव्हता. त्याने हात धुतले, फडकी उचलली आणि अंगठ्याने दाबून खडे दोन बाजूंना लावले. सगळे ताजे घट्ट निघाले. सगळे शिळे मऊ.

मग गोजराबाई उभ्या राहिल्या आणि वही उघडून पहिल्यापासून वाचायला लागल्या. आपला पहिला अंदाज वाचला आणि तो कसा चुकला ते सांगितलं. खाऱ्या जमिनीचं सांगितलं. डब्यात लपवलेल्या खड्याचंही सांगितलं. ते सांगताना त्यांचा आवाज जरा अडखळला, पण त्यांनी ते गाळलं नाही. शेवटी म्हणाल्या, "गूळ सातप्पामामांनी बिघडवला न्हाई. आमच्या कोयत्याच्या मानानं बिघडवला. पुढल्या हंगामापासनं ज्याची पाळी त्यानं आदल्या दिवशी ऊस तोडावा. एवढंच मला कळलंय. काकवी का उतू जाते, रंग का काळा पडतो, ते मला ठाऊक न्हाई. ते दुसऱ्या कुणी बघावं."

पाटील म्हणाले, "आक्का, तुमच्या घराण्याचा मान जाईल की हो."

"जाऊ दे," गोजराबाई म्हणाल्या. "गूळ ऱ्हाईल."

पाटलांनी मान डोलावली आणि सातप्पाची रजा तिथल्या तिथे रद्द केली. गोजराबाईंनी वही मिटली आणि पदर सारखा करून हात जोडले. ज्यांनी लाज बाजूला ठेवून मऊ गुळाचे खडे दिले, त्या बायकांपैकी एकेकीचं त्यांनी नाव घेतलं. परगावच्या गुळव्याचं घेतलं, त्याला इथलं काम मिळायचं होतं तरी तो खरं बोलला म्हणून. म्हाताऱ्यांचं घेतलं. मग त्या बाळगोंडाकडे वळल्या. "तू त्या दिवशी आला नसतास," त्या म्हणाल्या, "तर मी खोटं उत्तर खरं म्हणून गावाला दिलं असतं, आणि मला ते कधी कळलंबी नसतं. तुझे उपकार मोठे हायती."

सगळ्यांत शेवटी त्या सातप्पापुढे गेल्या. "मामा, मी तुमच्या तोंडावर तुम्हाला दोष दिला. तरी तुमी महिनाभर तुमचा हात मला तपासू दिला. लई आभारी हाय मी."

सातप्पाने कपाळाचा घाम पुसला की डोळे, ते गर्दीत नीट दिसलं नाही. "आक्का," तो म्हणाला, "चाळीस वर्सं गूळ चांगला झाला की लोक म्हणायचे ऊस चांगला. बिघडला की म्हणायचे सातप्पा वाईट. आज पयल्यांदा कुणीतरी बघून सांगितलं."

तात्पर्य: खरं शोधायचं असेल तर आधी आपलाच अंदाज तपासावा, न पटणारा पुरावा लपवू नये, जे सापडलं ते आपल्याला महाग पडलं तरी सांगावं, आणि आपली चूक दाखवून देणाऱ्याचे मनापासून आभार मानावेत.