ठकूबाई आणि दुखऱ्या मनांची पेटी

“ठकूबाई, झारा खाली ठेवा! तुमच्या नावाची चिठ्ठी आलीय!” कुलगुरू त्र्यंबकशास्त्री स्वयंपाकघराच्या दारातूनच ओरडले.

ठकूबाई चंपावतीच्या विद्यापीठात बावीस वर्षं स्वयंपाक करत होत्या. ना नवरा, ना मूलबाळ. चुलीमागची खोली हेच त्यांचं घर. काम गेलं की घरही गेलं!

“अहो, पण मी केलं काय?”

“विद्यार्थ्यांतल्या त्या विश्वंभराला भर पंगतीत म्हणालात, ‘किती वाळलास रे! घे आणखी एक पोळी.’ त्याचं मन दुखावलं.”

आता बोला! फर्मान राजा शूरपालांचं होतं. विद्यापीठात कुणी कुणाचं मन दुखवायचं नाही. दुखावलेल्यानं पेटीत चिठ्ठी टाकायची आणि बोलणाऱ्यानं आपलं पद सोडायचं, मग तो लहान असो की मोठा. हेतू चांगलाच होता हो! गरिबाघरच्या पोरांना टोमणे मारणारा एक उर्मट पंडित त्याच पेटीमुळे घरी गेला, तेव्हा ठकूबाईंनी स्वतः शिरा वाटला होता. पण मग चिठ्ठ्यांचा पूरच आला. ‘शाबास’ म्हटलं म्हणून एक, म्हटलं नाही म्हणून दुसरी! दोन नि दोन पाच लिहिलं, तरी गणिताचे गुरुजी घाबरून म्हणायचे, “अगदी जवळ आलास हो!”

त्या रात्री ठकूबाईंनी तोंडातून चकार शब्द न काढता वाढलं. सकाळी त्या थेट दरबारात गेल्या.

“महाराज, यापुढे मी तोंडच उघडत नाही. मग तर झालं?”

“कुठलं झालं?” शास्त्रीबुवा म्हणाले. “रात्री या गप्प राहून वाढत होत्या, तर आणखी दोन चिठ्ठ्या आल्या. आम्हाला तुच्छ लेखतात म्हणून!”

राजा हट्टी. एकदा फर्मान काढलं की मागे घेणं नाही. मिशीला पीळ देत तो म्हणाला, “एक संधी देतो. भरल्या पंगतीत बोलून दाखव. तीनशे विद्यार्थ्यांत एकाचंही मन दुखावता कामा नये. एक जरी दुखावला, किंवा तू मुकी राहिलीस, तर बांध गाठोडं!”

ठकूबाईंनी क्षणभर विचार केला. “बोलते की! पण पंगत द्वादशीला ठेवा आणि तुम्ही स्वतः पानावर बसा. मी काय बोलणार ते शास्त्रीबुवांनी आधी सगळ्यांना विचारायचं. सगळे हो म्हणाले की मगच मी बोलणार.”

“मंजूर!”

राजाची एकादशी निर्जळी असायची, हे अख्ख्या चंपावतीला ठाऊक होतं. द्वादशीला तो पाटावर बसला तेव्हा त्याच्या पोटातली गुरगुर शेजारच्या पानापर्यंत पोचत होती. मसालेभात, टम्म फुगलेल्या पुऱ्या, गरमागरम जिलबी, मठ्ठा! सगळं वाढून झालं. पण या पंगतीची एक जुनी रीत होती. ठकूबाई ‘होऊ द्या सावकाश!’ म्हणत नाहीत, तोवर घास उचलायचा नाही. मग पानावर राजा का बसलेला असेना!

शास्त्रीबुवांनी विचारलं, “ठकूबाई ‘होऊ द्या सावकाश’ म्हणणार आहेत. कुणाची हरकत?”

एक हात वर! “मी मुळातच सावकाश जेवतो. हा मला टोमणा आहे.”

“बरं, ‘होऊ द्या झटपट’?”

“आम्ही काय हावरट आहोत?”

“मग ‘जेवायला बसा’?”

“बसलोय की! आम्हाला एवढंही कळत नाही?”

“‘कृपा करून जेवा’?”

“विनवण्या करायला लावणारे दुष्ट आहोत का आम्ही?”

“‘वाटलं तर जेवा’?” शास्त्रीबुवांना घाम फुटला.

“म्हणजे आम्ही उपाशी राहिलो तरी हिला काही नाही!”

पुऱ्या बसल्या. भातावरचं तूप थिजलं. जिलबीवर माशी घोंगावू लागली आणि राजाचे डोळे त्या माशीबरोबर फिरू लागले. ठकूबाई पदरानं वारा घेत शांत उभ्या.

शेवटी राजाच्यानं राहवेना. “अरे गाढवांनो, पुरे झालं! गिळा आता मुकाट्यानं!”

तीनशे हात एकदम पानावर पडले. राजानंही अख्खी जिलबी तोंडात कोंबली. चार घास पोटात गेल्यावर त्याला हट्ट आठवला.

“ठकू, तू तर काहीच बोलली नाहीस! हरलीस. बांध गाठोडं!”

“बांधते, महाराज. दोन बांधते.”

“दोन कशाला?”

“एक माझं, एक तुमचं! तीनशे जणांना गाढव म्हणालात, गिळा म्हणालात. फर्मानात लहान असो की मोठा असंच आहे ना? माझा झारा गेला तर तुमचा मुकुटही गेला. चला, वाटेत खायला दशम्या मी घेते!”

राजानं हातातला घास पानात ठेवला. त्यानं पंगतीकडे पाहिलं. “कुणाचं... मन दुखावलं का रे?”

“नाही, महाराज!” भरल्या तोंडांनी उत्तर आलं.

“का नाही? चक्क गाढव म्हणालो मी!”

विश्वंभर उठून उभा राहिला. “भूक लागली होती, महाराज. तुम्ही जेवा म्हणताय, एवढंच मनात राहिलं.”

“मग मेल्या, मी दुसरं काय म्हणाले होते?” ठकूबाई कडाडल्या.

विश्वंभर खाली बघू लागला. “मावशी, तापातून उठलो होतो. सगळे काडी, काडी म्हणून चिडवत होते, त्यात तुम्हीही... लागलं हो मला.”

ठकूबाईंचा आवाज एकदम खाली आला. “अरे, मला सांगायचंस की रे! चुकलंच माझं. चिठ्ठी टाकण्याऐवजी तू माझ्या चुलीपर्यंत आला असतास, तर मी त्या काडीवाल्यांनाच बघून घेतलं असतं.”

“मी पोळी मात्र खाल्ली होती,” तो पुटपुटला.

राजा असा खो खो हसला की पाट हलला! त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून ठकूबाईंना दिलं, मागची खोली जन्मभरासाठी त्यांच्या नावे केली आणि पेटी उचलून चुलीशेजारी ठेवायला सांगितली. ज्याला लागलं असेल, त्यानं तिथं पाटावर बसून समोरासमोर सांगायचं.

मग आपल्या भल्यामोठ्या पोटावरून हात फिरवत राजा म्हणाला, “बघ गं ठकू, एका उपासानं मी किती वाळलोय! वाढ आणखी दोन जिलब्या!”

ठकूबाईंनी त्या पोटाकडे पाहिलं, शास्त्रीबुवांकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून चार वाढल्या.