नेआची कव्हरं कोण धरणार?

"पण तू त्यांना शिकवलंसच कशाला?"

हेल्काने खांद्यावरची बॅग बाकावर आपटली. आतल्या स्केट्स एकमेकींवर खणकन वाजल्या.

इर्मेली कॉफी पीत होती. ती पीतच राहिली.

"तुला विचारतेय मी, इर्मेली!"

फिनलंडमध्ये गुरूलाही नुसत्या नावाने हाक मारतात आणि आपण आईला म्हणतो तसं 'तू' म्हणतात. त्यात उद्धटपणा नसतो. त्या दुपारी मात्र होता.

"ऐकतेय," इर्मेली म्हणाली. "कान म्हातारे झालेत माझे. बंद नाही पडलेत."

बाहेर रिंकमध्ये लोक ढोल बडवत होते. राष्ट्रीय स्पर्धेचा दुसरा दिवस. आइस डान्सिंग, म्हणजे स्केट्स बांधून बर्फावर जोडीने नाचायचं. जोडीदारणीला हवेत भिरकावणं यात नाही. इथे सगळा खेळ गुडघ्यांचा, पात्याच्या धारेचा आणि तालाचा.

या खेळात हेल्का सलग सात वर्षं फिनलंडची विजेती होती.

'हेल्काला सातव्यांदा सुवर्ण!' असं वर्तमानपत्रांनी गेल्या वर्षी ठळक अक्षरांत छापलं होतं. छापणाऱ्यांनी निकालाचा कागद एकदा डोळ्यांखालून घालायला हवा होता. त्यावर पहिल्या क्रमांकाच्या खाली दुसरा क्रमांकच नव्हता. सातही वर्षं स्पर्धेत जोडी उतरली ती एकच, हेल्का आणि तिचा जोडीदार यार्क्को. कुणाला हरवून सुवर्ण, हा प्रश्न एकाही बातमीदाराला पडला नाही. पडला असेल तर त्याने तो गिळला.

युरोपच्या स्पर्धेत फिनलंडला जागा एकच. ती दर वर्षी हेल्काला मिळायची. तिथे पहिल्या दिवशीच्या नाचानंतर वरच्या वीस जोड्या दुसऱ्या दिवशी नाचतात, उरलेल्या बॅगा भरतात. हेल्का दर वर्षी बॅग भरून परत यायची. परीक्षक मोठ्या देशांचे लाड करतात, असं विमानतळावर सांगायची. तेही ठळक अक्षरांत छापून यायचं.

यंदा मात्र दुसरी जोडी उभी राहिली होती. एकोणीस वर्षांची नेआ आणि तिचा थोरला भाऊ ओन्नी. याच रिंकमध्ये, याच इर्मेलीच्या हाताखाली तयार झालेली. आणि काल, पहिल्या दिवशी, ही भावंडं हेल्काच्या पुढे गेली होती. चांगली तीन-चार गुणांनी.

"इतकी वर्षं मी तुझं नाव राखलं," हेल्का म्हणाली.

"कुणापासून?"

"थट्टा नको. माझे गुडघे फार तर हा एक हंगाम चालतील. यंदा युरोपला गेले नाही तर संपलं सगळं. कळतंय तुला?"

"कळतंय."

"आणि जी पोरगी मला संपवायला निघालीय, तिला तू स्वतःच्या हातांनी घडवलंस!"

"मग काय शेजारणीच्या हातांनी घडवू?"

कोपऱ्यात यार्क्को स्केट्सच्या नाड्या आवळत होता. तो खाली मान घालून हसला. हेल्काने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. हसू जागच्या जागी विझलं.

"मी अट घालतेय," हेल्का म्हणाली. "आज तू दोन्ही जोड्यांसाठी कठड्याशी उभी राहायचं नाहीस. एकाच जोडीसाठी. कुठल्या, ते ठरव."

या खेळात एक रीत आहे. बर्फावर उतरण्याआधी नाचणारे पात्यांवरची प्लास्टिकची कव्हरं काढतात आणि कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या गुरूच्या हातात देतात. गुरू शेवटचा एखादा शब्द बोलतो. मग नाच संपेपर्यंत ती कव्हरं धरून तिथेच उभा राहतो. कव्हरं कुणाच्या हातात आहेत ते पाहिलं की कोण कुणाचं, ते वेगळं विचारावं लागत नाही.

इर्मेलीने खिशातून खारट काळी गोळी काढली, तोंडात टाकली, या गालातून त्या गालात फिरवली.

"बरं," ती म्हणाली.

"बरं काय?"

"आज मी तुझी. फक्त तुझी."

हेल्का भांडायला कंबर कसून आली होती. समोरचं दार लोटायला जावं आणि ते उघडंच असावं, तशी ती अडखळली.

"खरंच?"

"तुमची कव्हरं मी धरते. त्या दोघांची धरणार नाही." इर्मेलीने गोळी पुन्हा फिरवली. "आता सांग, नेआची कव्हरं कोण धरणार?"

"मला काय त्याचं?"

"तू धर."

यार्क्कोच्या हातातली नाडी हातातच राहिली.

"मी?"

"काल तुम्ही मागे पडलात, म्हणून आज तुम्ही आधी नाचणार. ती दोघं नंतर. तू मोकळीच असशील."

"ती माझी प्रतिस्पर्धी आहे, इर्मेली!"

"म्हणून तर. तिचा नाच या गावात तुझ्याइतका कुणाला पाठ आहे? रोज सकाळी तोंड वाकडं करून बघत असतेस."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी दोघींची. रोजच्यासारखी."

हेल्काने मनातल्या मनात हिशेब केला. अख्खी गुरू आपल्या पदरात, आणि बदल्यात काय, तर प्लास्टिकच्या चार पट्ट्या! असा सौदा कोण सोडेल?

"धरते," ती म्हणाली. "पट्ट्याच तर धरायच्यात."

"तेवढंच," इर्मेली म्हणाली.

ध्वनिक्षेपकावर नाव पुकारलं गेलं आणि हेल्का बोगद्यातून बाहेर आली. पाहते तर काय, गॅलरीत बसायला जागा नाही! एरवी तिचा नाच बघायला नाचणाऱ्यांचे आईबाप आणि रिंकचा चौकीदार. आज पायऱ्यांवरसुद्धा माणसं होती. शाळेतली पोरं झेंडे घेऊन आली होती. अर्धे लोक तिच्या नावाने ओरडत होते. उरलेले अर्धे नेआच्या! तिच्याच गावात, तिच्याच बर्फावर!

तिची कानशिलं तापली.

तिने कव्हरं काढून इर्मेलीच्या हातात दिली. इर्मेलीने तिचा तळवा आपल्या दोन्ही तळव्यांत दाबला. दर वर्षी ती म्हणायची, "जा, नीट नाच." आज ती पुढे झुकली.

"पुढे कुणीतरी आहे, हेल्का. पकड!"

संगीत सुरू झालं.

आणि हेल्का सुटली! पहिल्याच वळणावर तिने पातं इतकं तिरकं घातलं की यार्क्कोच्या तोंडून "अगं!" निघालं. इतकी वर्षं तो तिला सांभाळून नाचवत आला होता. आज तीच त्याला ओढत होती. एका पायावरच्या धावत्या गिरक्या आल्या. या गिरक्यांत दोघं हातभर अंतरावर, हात सोडून, एका वेगाने फिरतात. दोघं अशी फिरली की चार पायांचा एकच आवाज! लिफ्टमध्ये, म्हणजे त्याने तिला उचलून धरलं आणि धरूनच बर्फावरून वळण घेतलं तेव्हा, तिचं डोकं बर्फापासून वीतभर अंतरावरून गेलं. गॅलरीतली एक बाई किंचाळली. हेल्काला भीती वाटली. खरी भीती. हरण्याची. ती तिला याआधी कधी वाटलीच नव्हती, आणि त्या भीतीने तिच्या पायांत जे काही भरलं ते कुठल्याही सरावाने भरलं नव्हतं.

शेवटच्या ठोक्याला ती गुडघ्यावर आली. छाती भात्यासारखी चालली होती.

सगळी रिंक उभी राहिली.

दोघं इर्मेलीच्या शेजारी बाकावर येऊन बसली. फलकावर गुण उमटले. यार्क्को ताडकन उभा राहिला.

"हेल्का! अगं, एवढे गुण आपण जन्मात कधी घेतले नाहीत! असं नाचलो असतो तर युरोपात आपण केव्हाच दुसऱ्या दिवसापर्यंत पोचलो असतो!"

हेल्का नुसती मान हलवत होती, हसत होती, नाक पुसत होती. कालची आघाडी असूनही आता नेआला चांगलंच नाचावं लागणार होतं. तिचा नाच मध्येच मोडला की युरोपची जागा हेल्काची.

इर्मेलीने कोपराने तिला ढोसलं.

"जा. कव्हरं."

हेल्का कठड्याशी जाऊन उभी राहिली. गुरू जिथे उभा राहतो तिथे. नेआ आली ती चुन्यासारखी पांढरी पडलेली. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"इर्मेली कुठंय?"

"आज मी आहे."

"तू? मस्करी करतेस?"

ओन्नीने कव्हरं काढली, पण हातातच धरली. "परत तरी देशील ना गं?"

"दे इकडे, शहाण्या."

नेआने आपली कव्हरं दिली आणि सवयीने तळवा पुढे केला. हेल्काने तो धरला. आता शेवटचा शब्द बोलायचा असतो, हे तिला आठवलं.

"गुडघा," ती म्हणाली. "पहिल्या वळणावर गुडघा ताठ ठेवतेस तू. वाकव."

नेआने डोळे मोठे केले. मग मान हलवली आणि गेली.

पहिल्या वळणावर तिने गुडघा वाकवला. काय वळण घेतलं पोरीने! बर्फावर पातं फिरल्याचा आवाज नाही, नुसता वारा. हेल्का हे रोज बघत आली होती, पण बाजूच्या बाकावरून, डोळ्यांत राग घेऊन. इथून, कठड्यावरून, ते वेगळंच दिसत होतं. ही पोरगी अंगातलं सगळं बर्फावर ओतत होती. हेल्काच्या मुठीतली कव्हरं घामाने भिजली.

गिरक्या आल्या. एक, दोन… आणि नेआच्या पात्याचं टोक बर्फात रुतलं. ती सपशेल बसली.

गॅलरीतून "आई गं!" झालं.

नेआ उठली, लगेच उठली, पण ओन्नी पुढे निघून गेला होता आणि संगीत त्याच्याही पुढे. ती त्याच्याकडे बघतेय, तो तिच्याकडे. कुठून धरायचं दोघांनाही कळेना. बर्फावर पाय थांबले. नाचात याहून वाईट काही नसतं. पडलेलं सावरता येतं, थांबलेलं नाही.

हेल्काला सगळं लख्ख दिसलं. ही दोघं अजून दोन क्षण अशीच थांबली की युरोप तिचं. तिला काही करायचंही नव्हतं. नुसतं उभं राहायचं, पट्ट्या धरून.

"लिफ्ट!"

आवाज तिचाच होता.

"मधली पावलं सोड, नेआ! थेट लिफ्ट! ओन्नी, उचल तिला! उचल!"

नेआने ऐकलं. पायांना मध्येच वाट फुटावी तशी ती तिरपी धावली, ओन्नीने हात पुढे केले, आणि संगीताचा मोठा ठोका पडला त्याच क्षणी ती हवेत होती! रिंक गर्जली. हेल्का कव्हरं कठड्यावर आपटत होती, तालात, ठाण ठाण, पुढचं प्रत्येक पाऊल ओरडून सांगत होती आणि तिला आपण ओरडतोय याचं भान नव्हतं. शेवटच्या ठोक्यापर्यंत तिने त्या दोघांना सोडलं नाही.

नाच संपला. नेआ धावत आली आणि कठड्यावरून तिच्या गळ्यातच पडली. ओन्नीने आपली कव्हरं मागून घेतली. एकाला तडा गेला होता. त्याने ते तसंच पात्यावर चढवलं.

फलकावर गुण आले. दुसऱ्या दिवशीचा नाच हेल्काने जिंकला होता. दोन दिवसांची बेरीज नेआने जिंकली. अर्ध्या गुणाने.

युरोपची जागा गेली.

यार्क्को बाकावर तोंड झाकून बसला होता. हेल्का आली तेव्हा त्याने बोटांच्या फटीतून पाहिलं.

"का ओरडलीस गं?" तो म्हणाला. "का?"

हेल्काचा घसा बसला होता, चेहरा लालबुंद झाला होता. रडायला येतंय की हसायला, ते तिला कळत नव्हतं. ती इर्मेलीसमोर उभी राहिली.

"इर्मेली… मी गप्प राहिले असते तर आज मी जिंकले असते."

"नाही," इर्मेली म्हणाली. "ती हरली असती."