कासविणीने पाडलेली वाट

फार फार पूर्वी, माणसाचं पाऊल अजून कुठल्याच रेतीवर उमटलं नव्हतं तेव्हा, समुद्रात एक कासवीण राहत असे. तुम्ही विहिरीतलं कासव पाहिलं असेल, ते आधी डोळ्यांसमोरून बाजूला करा. ही बैल जुंपलेल्या गाडीएवढी लांब होती. तोंड पोपटाच्या चोचीसारखं वाकडं, पुढचे पाय वल्ह्यांसारखे. पाठीवर टणक ढाल नव्हती. बरगड्यांच्या सांगाड्यावर जाड कातडं ताणलेलं होतं. संकट आलं तर डोकं आत ओढून घ्यायची सोयही तिला नव्हती. म्हणूनच की काय, तिचा जीव कधी थाऱ्यावर नसे.

आदल्या वर्षी तिने पाण्याच्या फार जवळ अंडी घातली होती आणि ती सगळी भरतीने नेली होती. या वर्षी ती धापा टाकत, फरफटत, किनाऱ्यावर खूप वर गेली. मागच्या पायांनी खोल खड्डा केला, अंडी घातली, वर रेती लोटून दाबून बसवली. काम चोख झालं होतं. पुढचं सगळं उन्हाची ऊब करणार होती.

शेजारच्या बिळात एक म्हातारा खेकडा राहत होता. तो म्हणाला, "बाई, जागा झकास निवडलीत. इथवर पाणी येत नाही. निघा आता बिनघोर."

ती निघाली. पण पाण्यात तिला चैन पडेना. तोंडाशी आलेला मासा सोडून ती किनाऱ्याकडे बघत राही. ऊब पुरत असेल ना? कोणी उकरलं तर नसेल? दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा वर आली. सगळं जागच्या जागी होतं. तिला बरं वाटलं, आणि समुद्रात शिरेपर्यंत ते बरं वाटणं संपलंही.

मग हे रोजचंच झालं. पाण्यात ती वाऱ्यासारखी पळे, पण रेतीवर तिला आपलं अवजड पोट ओढत न्यावं लागे. ज्या वाटेने वर, त्याच वाटेने खाली. कारण ती वाट आता गुळगुळीत झाली होती.

खेकडा एकदा म्हणाला, "बाई, रागावू नका. पण जरा मागे वळून आपल्या पोटाखालची रेती बघा."

"रेती कसली बघू? माझी पोरं आहेत तिथे! तुमचं काय, जरा खुट्ट झालं की बिळात. मी कुठे डोकं लपवू?"

"लपवू नका. फक्त इथे येऊ नका."

तिला ते झोंबलं. त्या दिवसापासून ती दोनदा येऊ लागली.

मुलांनो, पेरलेलं बी रोज उकरून बघणारे तुम्ही, आणि निजलेल्या पोराला हलवून 'झोपलास ना रे?' विचारणारे तुमचे आईबाप, कोणीही तिला हसू नका.

पौर्णिमेचं उधाण आलं. कासवीण लाटांवरून बघत होती. पाणी नेहमीच्या खुणेपाशी येऊन थांबलं. एका जागी मात्र ते थांबलं नाही. तिच्या पोटाने घासून घासून किनाऱ्यात खोल चर पडला होता, थेट अंड्यांपर्यंत, आणि पाणी त्या चरातून वर धावत होतं.

ती पोचली तोवर पाणी खड्ड्यात शिरलं होतं. ती चरात आडवी पडली, आपलं सगळं धूड घालून तिने वाट अडवली आणि ओहोटी लागेपर्यंत हलली नाही.

"राहिलं का हो काही?" तिने विचारलं.

"असतील थोडी," खेकडा हळूच म्हणाला. "पण आता उकरून बघाल, तर तीही जातील."

तिचे पाय शिवशिवत होते. एकदाच बघावं, एकदाच. तिला रडू फुटलं. मग तिने रेती लोटून चर बुजवला, दुसऱ्याच बाजूने समुद्रात उतरली आणि पुन्हा आली नाही. इतकं अवघड काम तिने जन्मात केलं नव्हतं.

बऱ्याच दिवसांनी रेती हलली आणि पिल्लं बाहेर पडली. किनारा भरून गेला असता, तिथे मूठभरच निघाली. ती लाटेत शिरताना खेकड्याने पाहिली. कासविणीला ते कधीच कळलं नाही. लांब पाण्यात ती आयुष्यभर तळमळत राहिली, आणि पिल्लं मात्र वाढली.

म्हणून ध्यानात ठेवा: नीट जपून झालं की तिथून निघून जाणं, हेही जपणंच असतं.