शेवटच्या निखाऱ्याची पायरी

आगटेवाडीतून धुराळगडाला जायची वाट चावडीवरून जाते. चावडीपुढं तीन काळे धोंडे आहेत, चुलीसारखे मांडलेले, गुडघ्याएवढे उंच. गड बघायला आलेले पाहुणे त्यांवर पिशव्या ठेवतात, कुणी बसायलाही बघतं. मग समोरच्या ओट्यावरून जनाकाकींची हाक येते, "अहो दादा, चुलीवर बसू नये. उठा बघू. इकडं सावलीत या, पाणी प्या." पाणी पिऊन झालं की पाहुण्याला गोष्ट ऐकावीच लागते. काकी ती अशी सांगतात.

फार मागं गडावर धारराव नावाचा राजा होता. दिसायला देखणा, लढाईत सगळ्यांच्या पुढं, पण नाकावर माशी बसू देत नसे. एकदा म्हणे बाजारात कुणा शेतकऱ्यानं थट्टा केली, "राजा उठो की झोपो, आमची भाकरी भाजायची थांबते होय?" ते राजाच्या कानावर गेलं. दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली. संध्याकाळी गडावर नगारा वाजला की खोऱ्यातल्या सगळ्या चुली पाणी ओतून विझवायच्या आणि सकाळी विस्तव गडावरूनच न्यायचा. घरोघरच्या चकमकी गोळा करून गडाच्या कोठारात टाकल्या. ज्याच्या घरी लपवलेला विस्तव सापडेल, त्याला बायकापोरांसकट खोऱ्याबाहेर काढायचं.

तेव्हापासून रोज सकाळी घरटी एक माणूस हातात खापर घेऊन गड चढायचं. राजा सावकाश उठायचा, अंघोळ करायचा, पूजा करायचा, गंध लावून येऊन बसायचा. मग एकेकानं "राजाच्या कृपेनं" असं म्हणायचं, तेव्हा कुठं त्याच्या खापरात एक निखारा पडायचा. तोवर खाली पोरं भुकेनं रडून रडून झोपी गेलेली असायची. गडाची छपरं शाकारणारा एक म्हातारा होता. त्यानं एकदा नगारा झाल्यावर चिलीम ओढली, तर त्याच दिवशी त्याला हाकलून दिलं. लोक मनात चरफडले आणि गप्प बसले.

वाडीत ठकू नावाची बाई होती. वय असेल वीस-एकवीस. नवरा मिठाच्या बैलांबरोबर कोकणात गेलेला आणि पदरात पहिलंच लेकरू, पाच महिन्यांचं. पौषाची थंडी पडली आणि लेकराची छाती भरली. श्वास घेताना आतून मांजर गुरगुरल्यासारखा आवाज यायचा. ठकू सारखी त्याच्या छातीला कान लावून बसायची. पाय गार लागले की पदरात घेऊन चोळत राहायची.

शेजारची जिऊआजी म्हणायची, "अगं, सारखं काय चाचपतेस त्याला? तू बघायला जातेस म्हणून तो जागा होतो! ओव्याची पुरचुंडी गरम कर अन् छाती शेक."

"कशावर गरम करू, आजी? राजाच्या कृपेवर?"

आजी हसली. मग तिचं तिलाच वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी नगारा वाजला तेव्हा ठकूनं सगळ्यांसारखं चुलीत पाणी ओतलं. पण त्याआधी एक पेटती गोवरी काढून फुटक्या माठात ठेवली, वर राख लोटली आणि माठ गोठ्यात दावणीखाली पुरून टाकला. सापडलो तर या थंडीत लेकराला घेऊन जायचं कुठं, एवढंच तिच्या मनात. पण छातीला शेक मिळाला आणि लेकरू आठ दिवसांनी पहिल्यांदा सलग झोपलं. मग ती रोजच तसं करू लागली. लेकराचा आवाज मोकळा झाला. ठकूची भीती मात्र वाढतच गेली. कुत्रं भुंकलं तरी ती दचकायची.

आणि मग, असं सांगतात, ऐन पौषात चार दिवस पावसाची झड लागली. गडाची छपरं दोन वर्षं कुणी शाकारली नव्हती. शाकारणाराच नव्हता ना! मुदपाकखान्यात पाणी शिरलं आणि गडाचा विस्तव विझला. कोठारातल्या चकमकी काढल्या, तर ठिणगी धरायचा कापूस भिजून लगदा झालेला. चिंध्या, गवत, सगळं ओलं. राजा चिडला, ओरडला, आचाऱ्याला चाबकानं मारलं. त्यानं काही विस्तव पेटला नाही. लोक रिकामी खापरं घेऊन गड उतरले.

एक दिवस गेला, दुसरा गेला. पाऊस थांबला, पण असा गारठा सुटला की म्हातारी माणसं गोधडीतून उठेनात. ठकूच्या गोठ्यात राखेखाली, गोवरीला गोवरी लावून जपलेला, विस्तव जिवंत होता. कुणाला सांगितलं तर आपण गेलोच, हे तिला ठाऊक होतं. आपलं लेकरू उबेत आहे ना, मग गप्प बसावं, असंही तिला वाटलं. तेवढ्यात पलीकडच्या घरातून चिमाचं बाळ रडलं. बारा दिवसांचं बाळ ते. रडणं कसलं, नुसतं कण्हणं. तो आवाज ठकूला ओळखीचा होता.

तिनं लेकराला पाठीशी बांधलं, माठ उकरून काढला आणि दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत चावडीपुढं आणून ठेवला. तीन धोंडे मांडले, फुंकर घातली. धूर उठला तसं अख्खं गाव धावलं.

"मला आधी", "मला आधी" असा गलका झाला. ठकूचा आवाज एरवी शेजारच्या घरात जात नसे. ती म्हणाली, "ज्या घरात सगळ्यांत लहान लेकरू, त्या घरी आधी. मग आजारी, मग म्हातारी. धडधाकट माणसांनी थांबायचं. मीही थांबते." आणि खरंच लोक थांबले.

धूर गडावरून दिसला. राजा दहा शिपाई घेऊन खाली आला. शिपाई दोन दिवसांचे उपाशी, ओठ काळेनिळे. जिऊआजीनं चुलीवर पेजेचं मोठं मडकं चढवलं होतं. ती म्हणाली, "बसा रे पोरांनो. आधी शेका, मग काय पकडायचं ते पकडा." शिपाई बसले. त्यांच्यातला थोरला सुभाना नाईक, त्याच्या हातात आजीनं पळी दिली.

राजा गरजला, "धरा त्या बाईला! लेकरासकट खोऱ्याबाहेर काढा!"

ठकूनं पाठीमागं हात नेऊन लेकराचे पाय मुठीत धरले. सुभाना मडक्यातून नजर न काढता म्हणाला, "महाराज, जरा थांबा. पेज उतू जाईल."

बास. एवढ्यावर राज्य गेलं म्हणतात. तलवार निघाली नाही, रक्त सांडलं नाही. राजानं तीनदा हुकूम दिला, पण एकही शिपाई उठला नाही. उलट एकानं आजीपुढं वाडगं केलं आणि आजी म्हणाली, "दम धर की, हावरटा!" तशी सगळी हसली. राजा एकटा थंडीत उभा राहिला. त्याचे हात कापत होते.

ते हात ठकूनं बघितले. सगळी घरं झाली, तिचं स्वतःचं झालं, मग माठात राहिलेला शेवटचा निखारा तिनं खापरात घातला आणि राजापुढं धरला. जिऊआजी पुटपुटली, "याला कशाला?" ठकू म्हणाली, "असू दे, आजी. गारठलाय तो."

राजानं खापर घेतलं. एकटाच पायऱ्या चढून गेला. पुढं त्याचं काय झालं, कुणी सांगत नाही. पण त्या थंडीत गडावरून रोज बारीकसा धूर दिसायचा म्हणे आणि तो दिसला की ठकूला बरं वाटायचं.

एवढं सांगून जनाकाकी पाहुण्यांचे पेले उचलतात.

आजही पौषी पुनवेला आगटेवाडीतल्या चुली विझवतात, गॅससुद्धा बंद ठेवतात. तीन धोंड्यांवर विस्तव पेटतो आणि गावचा जो कुणी सरपंच असेल तो खापर घेऊन दारोदार फिरतो. पहिला निखारा गावातल्या सगळ्यांत लहान लेकराच्या घरी. प्रत्येक दारात त्यानं विचारायचं, "पेटली का चूल?" आतून "पेटली" ऐकल्याशिवाय पुढं जायचं नाही. बाया मुद्दाम "नाही अजून" म्हणून त्याला ताटकळत ठेवतात. त्याच्या घरची चूल सगळ्यांत शेवटी पेटते, तोवर त्याची बायको उंबऱ्यात उभी राहून ओरडत असते, "या वर्षी तरी चहा मिळेल का?"

आणि सगळं आटोपल्यावर, आजही, एक निखारा खापरात घालून गडाच्या पहिल्या पायरीवर ठेवतात. वर एकट्याला थंडी वाजत असेल म्हणून.