राजहंसाची पिसं

फार पूर्वी एका माळावर, तळ्याकाठी, टिटवा आणि टिटवी राहत होते. टिटवी उघड्या जमिनीवरच्या खळग्यात अंडी घाली. अंडी खड्यांसारखीच दिसत, म्हणून ती कुणाच्या नजरेस पडत नसत.

एकदा दूरच्या सरोवरावरून राजहंसाचा सांगावा आला. जो त्याच्या सरोवरावर चरायला येईल, त्याला दर खेपेला एक पांढरं पीस मिळेल. पुरेशी पिसं जमली की राजहंस त्याला पाठीवर बसवून हिमालयापार नेईल.

टिटवीने चक्रवाकाला विचारलं, "तुम्ही घेता का हो पिसं?"

"घेतो. दरवर्षी हिमालय ओलांडताना मी त्याच सरोवरावर उतरतो. एखाद्या वर्षी पंखांना विसावा मिळेल," चक्रवाक म्हणाला. "पण बाई, तुझी वाट कुठं जाते?"

दुसऱ्या दिवसापासून टिटवी सरोवरावर जाऊ लागली. "किडे तर इथंही आहेत," टिटवा म्हणायचा. "इथल्या किड्यांवर पीस मिळत नाही," ती म्हणायची. आणलेलं पीस वाऱ्याने उडू नये म्हणून ती ते अंड्यांभोवती खोचून ठेवी.

पांढरा खळगा कावळ्यांना लांबूनच दिसला. टिटव्याने ओरडून माळ डोक्यावर घेतला, पण ते बरेच होते.

शेवटचं पीस घेऊन टिटवी परतली, तेव्हा तिच्या मागोमाग दिलेल्या शब्दाप्रमाणे राजहंसही उतरला. त्याने पाठ वाकवली.

"बोल, कुठं नेऊ?"

टिटवी रिकाम्या खळग्याशी बसली होती.

"मला कुठं जायचंच नव्हतं," ती म्हणाली.