डोंगरापलीकडची काळजी

जंगलात विजेच्या गाड्या नव्याने आल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. साळूबाई साळिंदर तळ्यावरच्या बाजारात रताळी विकायची. पण पाठीवरचं पोतं तिच्याच काट्यांनी फाटायचं आणि निम्मी रताळी वाटेत सांडायची. म्हणून ती एक जुनी गाडी बघायला गेली.

“घेऊन टाका, धडधाकट आहे,” गाडी विकणारं माकड म्हणालं.

“बॅटरी थकलीय तिची. डोंगरापलीकडे पोचायची नाही,” फांदीवर बसलेला कावळा म्हणाला.

साळूबाईला काही सुचेना. घ्यावी तर फसायची भीती, न घ्यावी तर पुन्हा तेच पोतं.

शेवटी गाडीच म्हणाली, “कावळोबांचं खरं आहे. पण बाई, तुम्हाला जायचंय कुठं?”

“तळ्यापर्यंत.”

“तेवढं रोज नेऊन आणीन.”

साळूबाई गोंधळून कावळ्याकडे वळली. “तुम्ही डोंगरापलीकडे कशानं जाता हो?”

“मी होय?” कावळा म्हणाला. “मी उडत जातो.”