अण्णांचा संगणक

सूतगिरणीच्या नेटवर्कमध्ये कुणीतरी बाहेरचा शिरला होता आणि चालती यंत्रं मध्येच बंद पाडत होता. त्याला हुडकायला इंजिनिअर सुलक्षणा मगदूमनं तपासणीचं सॉफ्टवेअर लावलं, पण तेही दरवेळी अर्ध्यातच बंद पडायचं. ते प्रत्येक संगणकाला विचारायचं, 'तू कोण?' गिरणीचे दिवंगत संस्थापक अण्णांच्या जुनाट संगणकापाशी आलं, की तो उत्तरांचा असा लोंढा सोडायचा, की सॉफ्टवेअर त्यातच गुदमरायचं.

"तो संगणक बंद करावा लागेल," ती म्हणाली.

अण्णांचे चिरंजीव, चेअरमन नरंदे, कडाडले. "वडिलांनी सुरू केलेला संगणक माझ्या हयातीत बंद होणार नाही! तुझं सॉफ्टवेअर दुरुस्त कर, नाहीतर दसऱ्यानंतर घरी बस."

खंडेनवमीला गिरणी थांबली. यंत्रांना, संगणकांना हळदकुंकू वाहत नरंदे शेवटी अण्णांच्या संगणकापाशी आले. त्याला झेंडूची माळ घातली. तो मात्र घरघरतच होता.

सुलक्षणा हळूच म्हणाली, "साहेब, आज राबत्या हत्याराला विश्रांती, ही अण्णांचीच शिस्त ना? मग त्यांचा संगणक एकटाच का राबतोय?"

सगळे कामगार बघत होते. नरंद्यांनी हात जोडले आणि स्वतःच बटण दाबलं.

दसऱ्यानंतर गिरणी सुरू झाली. अण्णांचा संगणक उठवण्याआधीच सुलक्षणानं तपासणी लावली. तपासणी शेवटपर्यंत गेली आणि घुसखोर सापडला.

"म्हणजे दोष अण्णांच्या संगणकाचाच," नरंदे कडवटपणे म्हणाले.

"त्याचा काय दोष, साहेब? अण्णांच्या मागं त्याला 'आता थांब' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं."